आजोबांची रायफल आणि चार इंचांचा प्रश्न

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. आमच्या नागपूरच्या घरी दसऱ्याला दरवर्षी पाटावर तीन वस्तू मांडल्या जातात. एक माझ्या चिरंजीवांचा लॅपटॉप, दुसरी सौ.ची शिवणाची कात्री आणि तिसरी आजोबांची रायफल. पहिल्या दोन वस्तूंना आम्ही हळदकुंकू लावतो. तिसरीला मात्र बाबा स्वतः लावतात. त्या दिवशी इतर कोणी तिला हात लावलेला त्यांना खपत नाही.

बाबांचे वय एक्याऐंशी. आजोबा जुन्या मध्यप्रांताच्या जंगलखात्यात रेंजर होते आणि त्यांची बहुतेक नोकरी चांदा जिल्ह्यात गेली. १९३८ साली त्यांनी ही रायफल मुंबईहून मागवली. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याची, ३१५ बोअरची. दोन महिन्यांचा पगार तिच्यात गेला आणि आजी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, असे घरात सांगतात. आजोबा १९७१ साली वारले. पुढच्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, शिकारीचे दिवस संपले, आणि रायफल कपाटात गेली. परवाना बाबांच्या नावावर झाला. बाबांनी तिच्यातून आयुष्यात किती गोळ्या झाडल्या असतील, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला तेल द्यायचे, हे व्रत त्यांनी मोडले नाही.

गेल्या दोन वर्षांत मात्र त्यांचे हात थरथरू लागले आणि व्रत मोडले. त्यात पावसाळ्यात कपाटामागची भिंत पाझरली. दसऱ्याला कापडाची गुंडाळी सोडली तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस गंज चढलेला, आणि लाकडी दस्त्याला बोटभर चीर गेलेली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी हळदकुंकू वाहिले, अंगठ्याने तो गंज दोनदा पुसून पाहिला, आणि जेवायला न बसता आपल्या खोलीत जाऊन पडले.

मला ते पाहवले नाही. दिवाळीच्या आत रायफल नव्यासारखी करून बाबांच्या पुढ्यात ठेवायची, असे मी त्याच दुपारी मनाशी ठरवले. वाचकहो, या सद्हेतूने मी तुरुंगाच्या दारापर्यंत कसा जाऊन आलो, तेच आज सांगायचे आहे.

सल्लागार मंडळ

मध्यमवर्गीय घरात एखादी वस्तू बिघडली की पहिल्यांदा सल्लागार मंडळ जमते, आणि कारागीर सर्वांत शेवटी येतो. आमच्याकडेही तसेच झाले.

पहिला सल्ला आमच्या पाण्याच्या पंपाची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींचा. माणूस हाताचा फार कसबी. त्यांच्याकडे लेथ आहे, वेल्डिंग आहे. पंप बघायला आले होते, त्यांना मी सहज विचारले. त्यांनी नळीच्या तोंडात करंगळी घालून पाहिली आणि म्हणाले, "काही नाही लागत जी. गंज पुढच्या चार इंचांतच आहे. तेवढा तुकडा उडवतो, तोंड गोल घासून देतो. अर्ध्या तासाचं काम. चहा प्यायला लागेल त्याहून कमी वेळ."

दुसरा सल्ला शेजारच्या सदनिकेतल्या गृहस्थांचा. त्यांना प्रत्येक विषयातले थोडे थोडे कळते. ते म्हणाले, "नळी कापायचीच कशाला? नवीच बसवा. आणि बसवताय तर ३०३ ची बसवा. अहो, लष्करी बोअर! त्याची सर कशाला येणार नाही."

तिसरा सल्ला टेक्सासहून आला. आमच्या ठाण्याच्या ताईचा मुलगा तिथे नोकरीला आहे. दसऱ्याचा नमस्कार करायला त्याने फोन केला. हकीकत ऐकून तो म्हणाला, "मामा, काळजी करू नकोस. इथे सगळे सुटे भाग दुकानात मांडून ठेवलेले असतात. नळी काय, दस्ता काय, सांगशील ते पाठवतो. आणि कापायची म्हणशील तर इथे रायफलची नळी सोळा इंचांपर्यंत आखूड केली तरी कुणी विचारत नाही. तुझी तर पंचवीस इंचांची आहे!"

चिरंजीवांनी नळीच्या तोंडाशी बसवायचे आवाज कमी करणारे एक नळकांडेही सुचवले. म्हणजे आजोबांना न विचारता त्यांनी दुकान उघडले, इतकेच बाकी होते.

सौ. तेवढी गप्प होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, गॅसची शेगडी बदलायची तरी आपण एजन्सीला कळवतो. ही तर बंदूक. कुणाला तरी विचारावं ना आधी?"

"कुणाला विचारायचं? आपल्याच घरची वस्तू आहे. परवाना आहे," मी म्हणालो. घरच्या वस्तूबद्दल आपल्याला सगळे माहीत असते, अशी पुरुषांची एक समजूत असते.

काकांनी फाटक अडवले

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेलेले पाहून मी रायफल चादरीत गुंडाळली, सुतळीने बांधली आणि चिरंजीवांना स्कूटर काढायला सांगितली. तेवढ्यात फाटकातून धाकटे काका आत आले. काकांनी नागपूरच्या न्यायालयात चाळीस वर्षे फौजदारी वकिली केली. आता वय चौऱ्याहत्तर, पण नजर तीच.

"काय रे, पडद्याचा दांडा घेऊन कुठे निघालास?" त्यांनी विचारले.

मी खरे ते सांगितले. काका हसले नाहीत. त्यांनी स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "आत चल. चहा ठेवायला सांग. तुला आज चार गुन्हे शिकवतो. तू सकाळपासून एक केला आहेस आणि तीन करायला निघाला आहेस."

मग त्यांनी एकेक बोट मोडायला सुरुवात केली.

"पहिली गोष्ट. परवाना कुणाच्या नावावर? दादांच्या. तुझ्या नव्हे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे, त्याचं कलम ३. ज्याचा परवाना त्याच्याच ताब्यात शस्त्र. मात्र त्यात एक सवलत आहे. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानेदाराच्या स्वतःच्या वापरासाठी दुसरा माणूस ते नेऊ शकतो. पण परवानेदार बरोबर तरी हवा, नाही तर त्याचं लेखी अधिकारपत्र तरी हवं. तुझ्याजवळ काय आहे? चादर!"

मी चादरीकडे पाहिले.

"दुसरी गोष्ट. तुझा मिस्त्री. त्याचे हात सोन्याचे असतील, पण कलम ५ म्हणतं की शस्त्र बनवणं, विकणं, बदलणं, दुरुस्त करणं, तपासणं या सगळ्याला परवाना लागतो. पंपाच्या लेथवर बंदूक चढली की तो कारखाना बेकायदा झाला. बिचाऱ्या माणसाला तू चहाच्या वेळात आरोपी केला असतास.

"तिसरी गोष्ट, आणि हीच खरी. कलम ६. परवान्याशिवाय कुणीही बंदुकीची नळी आखूड करायची नाही. त्यात अमुक इंच चालतील आणि अमुक नाही, असं लिहिलेलं नाही. चार इंच म्हणजेही आखूड, आणि पाव इंच म्हणजेही आखूडच. शिक्षा ऐकायची आहे?"

मी मान हलवली, ती हो म्हणून की नको म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

"२०१९ साली कायदा दुरुस्त झाला. त्याआधी याला तीन ते सात वर्षं होती. आता कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. कमीत कमी सात म्हणजे न्यायाधीशांना तुझी दया आली तरी सातच."

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सौ. दाराआड ऐकत होती.

एवढी कडक शिक्षा कशासाठी?

घाबरलेला माणूस थोड्या वेळाने रागावतो. मलाही राग आला. मी म्हणालो, "काका, हा न्याय झाला का? मी काय दरोडा घालणार आहे? गंज लागलेला तुकडा काढायला जन्मठेप?"

काकांनी शांतपणे चहा घेतला. "तू वर्तमानपत्र वाचतोस ना? पोलिसांनी गावठी कट्टा पकडला, अशी बातमी येते. त्यात बोअर कोणता लिहिलेला असतो?"

मी आठवून पाहिले. ३१५! आमच्या आजोबांच्या रायफलीचाच बोअर.

"तेच," काका म्हणाले. "३१५ चं काडतूस या देशात सरकारी कारखान्यात तयार होतं, परवानेदारांसाठी दुकानात मिळतं. म्हणून चोरटे कारागीर त्याच मापाचा कट्टा बनवतात. लांब रायफल कुणाला लपवता येत नाही. तीच आखूड केली की सदऱ्याखाली जाते. कायद्याला तुझा गंज दिसत नाही. त्याला फक्त दोन मापं दिसतात, कापण्याआधीचं आणि नंतरचं. हेतू काय होता हे तू नंतर सांगणार, आणि तेच वाक्य कट्टेवालाही सांगणार."

हे ऐकल्यावर माझा राग बराच उतरला. लांबी हीच रायफलची ओळख आहे, तिच्यामुळेच ती शिकारीचे किंवा नेमबाजीचे साधन राहते, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

"आणि चौथा गुन्हा?" मी विचारले.

"तो शेजाऱ्याचा ३०३. कलमाचं सोड, आधी गोष्ट ऐक."

बोअरची गोष्ट

ही गोष्ट मला इतकी नवी होती की ती वाचकांनाही सांगतो.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत पहिला मोठा शस्त्रकायदा झाला. देशी वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदाही त्याच सालचा. हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना लागू झाला. गोऱ्या साहेबाला मात्र सूट होती. पण साहेबाच्याही शिकारी रायफलीवर सरकारची नजर होतीच. वायव्य सरहद्दीवर मार्टिनी-हेन्री जातीच्या जुन्या लष्करी रायफली टोळीवाल्यांच्या हाती गेल्या होत्या. त्यांचा बोअर ४५०. तेव्हा शिकारीच्या नावाखाली आलेली त्याच मापाची काडतुसे त्यांच्या हाती पडतील, या भीतीने १९०७ च्या सुमारास ४५० बोअरची शिकारी हत्यारे हिंदुस्थानात आणायलाच बंदी झाली. मग विलायतेतल्या कारखानदारांनी काय करावे? त्यांनी कायद्याशी भांडण मांडले नाही. बोअर बदलला. ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापे निघाली. हत्तीवाघांच्या शिकारीची म्हणून पुढे नावाजलेली ही मापे शिकाऱ्याच्या गरजेतून जन्मली नाहीत, ती शस्त्रकायद्याच्या एका ओळीतून जन्मली!

३१५ चीही कथा तशीच. इंग्रजी फौजेचा बोअर ३०३. लष्करी काडतूस खाजगी माणसाच्या बंदुकीत बसता कामा नये, हा सरकारचा नियम. म्हणून कारखानदारांनी रायफलीची घडण इंग्रजी फौजेच्या ली-एन्फिल्डसारखीच ठेवली, पण काडतूस घेतले ऑस्ट्रियाच्या फौजेचे, मॅन्लिकर रायफलचे, आठ मिलिमीटरचे. ऑस्ट्रियाचे शिपाई काही नागपुरास नव्हते. ते काडतूस इकडे शिकारीचे म्हणून चालले. पुढे स्वतंत्र भारतातही इशापूरच्या सरकारी कारखान्याने ३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनवली, आणि तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात तयार होऊ लागली.

"आता कळलं?" काका म्हणाले. "ही रायफल ३१५ ची आहे म्हणूनच ती आपल्या घरात आहे. तिला ३०३ ची नळी बसवणं म्हणजे जिच्यासाठी ती जन्मली तीच गोष्ट पुसून टाकणं. ३०३ आणि ७.६२ हे लष्करी बोअर आजही निषिद्ध आहेत. साध्या परवान्यावर ते ठेवता येत नाहीत. निषिद्ध हत्यार नुसतं घरात सापडलं तरी सात ते चौदा वर्षं. चिरंजीवांचं ते आवाज कमी करणारं नळकांडंही त्याच पंगतीतलं. आवाज किंवा ज्वाळा दडवणारं साधन कायद्याने हत्यारातच धरलं आहे."

चिरंजीवांनी निमूटपणे लॅपटॉप मिटला.

अमेरिकेतला हिशेब

त्या रात्री मी भाच्याला फोन लावला आणि सुटे भाग पाठवू नकोस असे सांगितले. कारण आपल्या कायद्यात बंदुकीचा सुटा भाग हादेखील बंदुकीच्या व्याख्येतच येतो. डाकेने आलेली नुसती नळी म्हणजे परवान्याशिवाय आणलेले परदेशी हत्यार! भाचा ओशाळला. पण मुलगा अभ्यासू. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला.

"मामा, मी म्हटलं होतं ना की इथे कुणी विचारत नाही? तसं नाही रे. इथेही मोजतात, फक्त माप वेगळं."

त्याने सांगितले ते असे. सोळा इंच ही मर्यादा तिथे १९३४ च्या कायद्याशी जोडलेली आहे. त्याखाली नळी गेली की आखूड रायफल म्हणून आधी सरकारदरबारी नोंद व मंजुरी लागते. परदेशी रायफलीबाबत आणखी एक हिशेब आहे. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी एका माणसाने शाळेच्या मैदानावर गोळीबार केला. पाच लहान मुले गेली. हाती चिनी बनावटीची अर्धस्वयंचलित रायफल होती. त्याच वर्षी तशा लष्करी ढंगाच्या रायफलींची आयात सरकारने थांबवली. शिकारीला व नेमबाजीला योग्य असेल तेवढेच हत्यार बाहेरून यावे, असा दंडक १९६८ च्या कायद्यात होताच, तो कडकपणे लागू झाला. मग लोकांनी पळवाट काढली. साधी शिकारी रायफल आयात करायची आणि घरी सुटे भाग जोडून तिला पुन्हा लष्करी रूप द्यायचे. ती वाट १९९० साली बंद झाली. नियमात वीस भागांची यादी आहे: नळी, बोल्ट, चाप, दस्ता, मूठ वगैरे. आयातीला मनाई असलेल्या रूपात अर्धस्वयंचलित रायफल जोडायची, तर या वीसांपैकी दहापेक्षा जास्त भाग परदेशी असता कामा नयेत. काडतुसांची पेटी तर एकटी तीन भागांत मोजतात. तिचे अंग वेगळे, आतली पट्टी वेगळी, तळ वेगळा. एक परदेशी पेटी लावली की हिशेब तीनांनी वाढला!

"म्हणजे आपल्या आयकराच्या कोष्टकासारखं," मी म्हणालो.

"तसंच. इथले हौशी लोक रायफल उघडून कागदावर खुणा करत बसतात. तुझ्यासारख्या बोल्ट ओढायच्या जुन्या रायफलीला हा हिशेब लागू नाही. तो फक्त अर्धस्वयंचलित जातीला."

"आणि तुझ्याजवळ कुठली आहे?" मी विचारले.

तो हसला. "माझ्याजवळ? मी इथे नोकरीच्या व्हिसावर आहे, मामा. ग्रीन कार्ड नाही. अशा माणसाला शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगायचीच मनाई आहे. मी फक्त दुकानाच्या काचेतून पाहतो."

सोळा इंचांचे आमिष दाखवणारा माझा भाचा स्वतः एका इंचाचाही मालक नव्हता. पण एक गोष्ट त्याच्या बोलण्यातून मला पटली. बंदुकांचा देश म्हणून ज्याची ख्याती, तिथेही 'माझी वस्तू, मी वाटेल ते करीन' हे चालत नाही. हत्यारात केलेला बदल ही त्या देशातही केवळ घरगुती बाब नाही.

योग्य दार

आता बाबांना सांगणे भाग होते. मी सगळे सांगितले, चादरीचेही. वाटले, रागावतील. ते एवढेच म्हणाले, "मला विचारायचं होतंस. मी कागद दिला असता."

त्यांनी थरथरत्या हाताने अधिकारपत्र लिहिले. त्यात रायफलीचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, माझे नाव, कोणत्या दुकानी व कशासाठी नेत आहे ते, सगळे घातले. ते पत्र आणि मूळ परवाना घेऊन, नळी रिकामी आहे हे दोनदा पाहून, काकांना बरोबर घेऊन मी दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका जुन्या दुकानात गेलो. काडतूस एकही नेले नाही.

दुकानदार सत्तरीचे होते. त्यांनी आधी रायफल पाहिलीच नाही, परवाना पाहिला. मग त्यावरचा क्रमांक रायफलीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि जाड वहीत नोंद केली. मग भिंग काढून नळीच्या मुळाशी असलेले बारीक ठसे मला दाखवले. बर्मिंगहॅमला १८१३ पासून बंदुका पारखणारे घर आहे. नेहमीपेक्षा जास्त दाब देणारी दारू भरून नळी उडवून पाहतात, टिकली तर ठसा मारतात. आजोबांच्या रायफलीने ती परीक्षा आपल्या कुणाच्याही जन्माआधी दिली होती.

"हे ठसे आणि हा क्रमांक, इथे कधी कानस लागू देऊ नका," ते म्हणाले. "क्रमांक पुसलेली बंदूक म्हणजे आईबाप नसलेलं पोर. ती कुणाला विकता येत नाही, देता येत नाही, आणि क्रमांक पुसणं हाच मुळी गुन्हा. लोक दुर्बीण बसवायला म्हणून भलत्या ठिकाणी भोकं पाडतात आणि अक्षरं घालवतात."

मी नळीच्या तोंडाचे विचारले. त्यांनी मान हलवली. "तोंड हीच नळीची नाजूक जागा. गोळी शेवटची तिथून सुटते. ते वाकडं झालं की नेम गेला. तुमचा मिस्त्री हॅक्सॉने कापणार होता म्हणता? कायदा बाजूला ठेवा. पुढची माशी त्याच तुकड्यावर आहे. ती गेली असती म्हणजे नेम धरायचा कशाने?"

मला हसावे की रडावे कळेना. अर्ध्या तासाचे काम!

"मग तोंड थोडं घासून देता येईल?" मी विचारले.

"पाव इंचसुद्धा नाही. लेखी परवानगी आणा, मग बोलू. पण आधी मला साफ तर करू द्या. लोक न धुता शस्त्रक्रियेला घेऊन येतात."

आठ दिवसांनी बोलावले तेव्हा त्यांनी नळी उजेडाकडे धरली आणि मला आत पाहायला सांगितले. आत आरशासारख्या वळ्या गोल गोल फिरत गेल्या होत्या. गंज बहुतेक वरवरचा निघाला. तोंडाशी मोहरीएवढे तीनचार खड्डे राहिले होते, ते राहू दिले. दस्त्याची चीर आतून सांधून, जुन्याच अक्रोडाच्या लाकडाला तेल देऊन त्यांनी उजळून दिले होते. नळी, बोअर, क्रमांक यांना धक्का नाही. पावती दिली, तिच्यावर काय काम केले ते लिहिले. ती पावती आज परवान्याबरोबरच ठेवली आहे.

खरे काम कागदाचे

घरी परतताना काका म्हणाले, "रायफल दुरुस्त झाली. आता वारसाचं बघ. दादा एक्याऐंशीचे. उद्या काही बरंवाईट झालं, आणि तू ती आठवण म्हणून माळ्यावर ठेवलीस, तर पुन्हा आहेसच आरोपी."

बोलणे कडू होते, पण खरे होते. किती घरांत वडील गेल्यावर बंदूक तशीच पडून राहते! कायदा सांगतो की परवानेदार गेला की वारसांनी विनाविलंब शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, आणि मग आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. पण त्याची वाट पाहायलाच हवी असे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे. परवानेदाराचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याजवळ असले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. बाबा दोन्ही परीक्षांत केव्हाच उत्तीर्ण झाले होते. आणि एका माणसाच्या नावावर आता दोनच हत्यारे राहू शकतात. २०१९ पूर्वी तीन चालत. माझ्याकडे एकही नव्हते, म्हणून तो प्रश्न आला नाही.

शहरात हे काम पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात चालते, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज भरला, पोलीस चौकशी झाली. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र आणले. पंचावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. इतर वारसांची हरकत नाही असा लेखही लागतो. ठाण्याच्या ताईला फोन केला.

ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सही करते. रायफल तुला. पण आजोबांची जंगलातली पितळी शिट्टी मला हवी. मी लहानपणी मागितली होती तेव्हा बाबा म्हणाले होते, ती मुलांची वस्तू आहे."

मी शिट्टी घेऊन स्वतः ठाण्याला गेलो. तिने सही केली आणि शिट्टी एकदा वाजवून पाहिली. शेजारची कुत्री भुंकू लागली. आम्ही दोघे पुष्कळ दिवसांनी इतके हसलो.

कागदांना वेळ लागला, पण परवाना आला. त्या दिवशी बाबांनी रायफल आणि तेलाची बाटली माझ्या हाती दिली. "पहिला रविवार," एवढेच म्हणाले.

या दसऱ्याला पाटावर पुन्हा तीन वस्तू मांडल्या. हळदकुंकू लावायला मी बाबांकडे पाहिले, तर त्यांनी हाताने खूण केली: तू. मी वाकलो तेव्हा नळीच्या तोंडाशी ते मोहरीएवढे खड्डे दिसले. लांबी पुरती आहे. आजोबांनी १९३८ साली जेवढी घरात आणली होती तेवढीच. एक सूतही कमी नाही.

जेवणे झाल्यावर मिस्त्री सोने द्यायला आले. मी त्यांना आपट्याचे पान दिले आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांचा चेहरा पडला. थोड्या वेळाने म्हणाले, "साहेब, मग पंपाचं तरी बघू का?"

"बघा," मी म्हटले. "पण कापू नका काही."